जमीन मोजणाऱ्या हातांची गरज

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी आणि बारावीचे निकाल लागले की मराठी वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांना बहर येतो, आणि बडोद्यातील आमच्यासारखी मराठी कुटुंबे त्या पुरवण्या महाराष्ट्रातील नातलगांइतक्याच आस्थेने वाचतात. त्या वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. वैद्यकीय, अभियांत्रिकी, वाणिज्य, विधी यांच्यापासून पाककलेपर्यंत सगळ्यांना तेथे ऐसपैस जागा मिळते. पण भूमापन आणि नकाशानिर्मिती या व्यवसायाचा उल्लेख झालाच, तर ‘जी.आय.एस. सॉफ्टवेअर शिका’, म्हणजे संगणकावर नकाशे करायला शिका, अशा एका ओळीत तो उरकला जातो. पाटबंधाऱ्यांच्या कामांसाठी सर्वेक्षण करण्यात आणि त्यावरून नकाशे काढण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर दांडिया बाजार, रावपुरा, वारसिया या भागांतील ओळखीचे पालक आपल्या मुलांना घेऊन सल्ल्यासाठी येतात. त्यांना मी जे सांगतो, ते आपल्या वाचकांसमोरही मांडावे असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. नकाशा करण्याच्या व्यवसायात आज जितकी दारे उघडी आहेत तितकी माझ्या पिढीला कधीच नव्हती, आणि ती बेताच्या गुणांच्या मुलांपासून अत्यंत हुशार मुलांपर्यंत सर्वांसाठी उघडी आहेत. मात्र या व्यवसायात टिकून राहायचे असेल, तर सुरुवात प्रत्यक्ष जमीन मोजण्यापासून व्हावी लागते आणि संगणक त्यानंतर हाती यावा लागतो.

या कामाची निकड पटवून देण्यासाठी बडोदेकरांना दूरचे उदाहरण द्यावे लागत नाही. 31 जुलै 2019 रोजी चोवीस तासांत सुमारे 20 इंच पाऊस कोसळला आणि शहर पाण्याखाली गेले. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली, आणि समा, फतेगंज, अकोटा, वडसर या भागांत माणसे वरच्या मजल्यांवर अडकून पडली. अशा दिवसांत प्रत्येक घरात दोन आकड्यांकडे डोळे लागलेले असतात: आजवा सरोवराची पातळी किती झाली आणि काळा घोडा पुलापाशी नदी किती फुटांवर आली. आजव्याची पातळी 211, 213 अशा फुटांत सांगितली जाते आणि पुलावरची 20, 25, 35 अशा फुटांत. दोन्ही आकडे फुटांतच असले तरी त्यांची शून्ये वेगळी आहेत, कारण पहिला समुद्रसपाटीच्या संदर्भाने धरलेला आहे आणि दुसरा पुलापाशीच्या मोजपट्टीवर वाचलेला आहे. घरात बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त हवा असतो तो तिसराच आकडा, म्हणजे आपल्या घराच्या जोत्याची उंची याच मापात किती आहे हा, आणि तो आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतो. हे तिन्ही आकडे एका शून्यावर आणून एका कागदावर मांडले, तर पुलावर अमुक फूट पाणी असताना कोणत्या गल्लीत किती पाणी शिरेल, हे आदल्या रात्रीच सांगता येते आणि आजारी, वृद्ध माणसांना वेळेवर हलवता येते. असा कागद तयार करणे हे नकाशा करणाऱ्याचे काम आहे.

हे काम कसे होते, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण मुलांना या व्यवसायाची ओढ लागायची असेल तर ती येथूनच लागेल. सर्वेक्षक प्रथम एखादे खात्रीचे बेंचमार्क शोधतो, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित केलेली, दगडावर किंवा पक्क्या बांधकामावर कोरलेली खूण. भारताची ही उंचीची मोजणी किनाऱ्यावरील नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या दीर्घ निरीक्षणांवर बसवलेली आहे, आणि तिच्या खुणा सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर पोहोचवल्या आहेत. त्या खुणेपासून लेव्हल (समतल रेषेत पाहायची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी धरायची मोजपट्टी) घेऊन टप्प्याटप्प्याने पुढे जायचे, प्रत्येक टप्प्यावर मागचे आणि पुढचे वाचन फील्ड बुकात उतरवायचे, आणि शेवटी फिरून त्याच खुणेवर किंवा दुसऱ्या एखाद्या खात्रीच्या खुणेवर येऊन थांबायचे. किलोमीटरभर जाऊन परत आल्यावर हिशेबातला फरक काही मिलिमीटरांत राहिला पाहिजे. न राहिल्यास ते सारे काम पुन्हा करायचे, मग ऊन कितीही असो. त्यानंतर नदीचे आडवे छेद, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतच्या तळाच्या उंचीची मापे, घ्यावे लागतात, कारण वाहत्या नदीचे पाणी तळ्यासारखे सपाट नसते आणि पुलाच्या वर व खाली त्याची पातळी वेगळी असते. पावागढच्या डोंगरातून निघून ढाढर नदीला मिळेपर्यंत विश्वामित्री इतकी वळणे घेते की थोड्या अंतरावरचे दोन छेदही एकमेकांसारखे नसतात. त्यात शहरात येऊन मिळणाऱ्या नाल्यांच्या मोऱ्यांचे तळ, रस्त्यांचे माथे, भराव टाकून उंच केलेले भूखंड आणि जुन्या वाड्यांची जोती यांच्या उंचीही घ्यायच्या. ज्याने हे एकदा केले, त्याला आपले शहर पुन्हा कधीच सपाट दिसत नाही.

येथे कोणी विचारील की उपग्रह आणि ड्रोन असताना हे कष्ट कशासाठी. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोजमापातच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 प्रमाणाच्या टोपोशीटवर, म्हणजे भूपृष्ठाच्या तपशीलवार नकाशावर, आपले शहर 46 एफ/3 या क्रमांकाच्या पत्रात येते. त्या प्रमाणाच्या पत्रांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे उंचीच्या दर 20 मीटरला एक अशा काढलेल्या असतात, आणि बडोद्यासारख्या मैदानी शहराचा बराचसा भाग अशा दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यातच मावतो. उपग्रहांवरून तयार केलेली जी उंचीची प्रतिमाने मोफत मिळतात, त्यांत प्रत्येक 30 मीटरच्या चौकोनाला एकच उंची दिलेली असते, आणि तीही काही मीटरांनी इकडेतिकडे असू शकते. घरे आणि झाडे दाट असलेल्या भागात तर ती जमिनीची उंची आहे की छपरांची, हेही सांगणे अवघड होते. डोंगराळ भागात दरड कोठे कोसळू शकेल याचा अंदाज बांधायला ही प्रतिमाने उपयोगी आहेत. पण ज्या शहरात दोन फुटांच्या फरकाने एक सोसायटी कोरडी राहते आणि शेजारची बुडते, तेथे काही मीटरांची चूक असलेला पूरनकाशा रंगीत आणि देखणा असला तरी त्यावर विसंबून कोणाला घराबाहेर काढता येत नाही आणि घरात थांबा असेही सांगता येत नाही. ड्रोनवरचा किंवा विमानातला लायडार, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारे यंत्र, यापेक्षा पुष्कळच अचूक उंची देतो. परंतु तोही जमिनीवर आधी मोजून ठेवलेल्या नियंत्रण बिंदूंवरच बसवावा लागतो, आणि ते बिंदू चुकले तर वरचे सगळे चुकते.

उंचीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अशी आहे, जी मी येणाऱ्या प्रत्येक मुलाला आवर्जून सांगतो. उपग्रहांच्या संकेतांवर चालणारे जी.पी.एस. यंत्र मुळात जी उंची मोजते, ती समुद्रसपाटीपासूनची नसते, तर पृथ्वीचा आकार म्हणून गणिताने मानलेल्या लंबगोलापासूनची असते. आपल्या भागात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या 50 मीटरांहून अधिक खाली आहे. बडोद्याची जमीन समुद्रसपाटीपासून पस्तीस-चाळीस मीटर उंच आहे. त्यामुळे दुरुस्ती न केलेले यंत्र या शहरातल्या रस्त्याची उंची शून्याच्याही खाली दाखवते. ज्याला हे माहीत आहे तो तो फरक योग्य प्रतिमान वापरून काढून टाकतो आणि जवळच्या बेंचमार्कवर ताडून पाहतो. ज्याला माहीत नाही तो एकतर घाबरतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, काही आकडे एका पद्धतीचे आणि काही दुसऱ्या पद्धतीचे असे एकत्र करून नकाशा छापतो. मोबाइलच्या युगात सर्वेक्षकाची गरज उरली नाही असे मानणाऱ्यांनी या एकाच उदाहरणाचा विचार करावा.

आता शिक्षणाबद्दल. गेल्या काही वर्षांत काही महिन्यांत ‘जी.आय.एस. तज्ज्ञ’ बनवून देण्याचे आश्वासन देणारे खासगी वर्ग ठिकठिकाणी निघाले आहेत. आमच्या शेजारच्या एका मुलीने भूगोलाची पदवी घेतल्यावर अशाच एका वर्गात भरमसाट शुल्क भरले. तिला तेथे उपग्रहाच्या चित्रावरून घरांच्या कडा गिरवायला, रंग भरायला आणि नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण लावायला शिकवण्यात आले. प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) म्हणजे काय, डेटम (मोजमापाचा मूळ संदर्भ) म्हणजे काय, हे कोणी सांगितले नाही, आणि लेव्हल किंवा टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) तिने तेथे पाहिलेही नाही. पुढे तिला कडा गिरवण्याचेच कंत्राटी काम मिळाले. त्या मुलीचा किंवा तिच्या आईवडिलांचा यात दोष नाही, कारण त्यांना योग्य माहिती देणारे कोणी नव्हते. पण पालकांनी हे समजून घेतले पाहिजे की चित्रावरून इमारतींच्या कडा काढण्याचे काम संगणक आता स्वतःच करू लागले आहेत, आणि तेवढ्याच कौशल्यावर पुढची तीस वर्षे काढता येणार नाहीत. शिवाय ज्या सॉफ्टवेअरसाठी एवढे शुल्क घेतले जाते, त्याच्या तोडीचे क्यू.जी.आय.एस. हे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते आणि देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे आय.आय.आर.एस., या विषयावरचे ऑनलाइन अभ्यासक्रमही विनामूल्य चालवते. वर्गाला पैसे द्यायचेच असतील तर प्रवेशापूर्वी एवढेच विचारावे की विद्यार्थी किती दिवस मैदानात यंत्रावर उभा राहणार आहे.

संधी कोठून येत आहेत, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी 2021 पर्यंत नकाशांसाठी माहिती गोळा करायची तर खासगी माणसाला परवानग्यांच्या चक्रातून जावे लागे. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी ही पूर्वपरवानगीची अट काढून टाकली, आणि डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण अधिसूचित झाले. त्याआधीच, एप्रिल 2020 मध्ये, स्वामित्व योजना सुरू झाली होती. तीत गावठाणांचे ड्रोनने सर्वेक्षण करून ग्रामस्थांना त्यांच्या घराच्या जागेचे मिळकतपत्र दिले जाते, आणि तांत्रिक काम सर्व्हे ऑफ इंडिया पाहते. शहरांतील जमिनींसाठी फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नक्शा’ हा कार्यक्रम 152 नागरी संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. आपल्या शहरातून जाणाऱ्या मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेच्या 508 किलोमीटर मार्गाचे सर्वेक्षण विमानातून लायडारने करण्यात आले. ड्रोन उडवण्यासाठी 2021 च्या नियमांनुसार दहावी उत्तीर्ण, 18 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला अधिकृत संस्थेत प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवता येते. धरणे, कालवे, महामार्ग, वाहिन्या, खाणी, नगररचना यांतले एकही काम नकाशावाचून सुरू होत नाही, हे तर जुनेच आहे.

या कामाचे वजन मात्र या यादीवरून कळत नाही. नकाशावरची एक रेषा बांधाच्या या बाजूला पडली की त्या बाजूला, यावर दोन भावांचे संबंध आणि एका कुटुंबाची उपजीविका ठरते. गुजरातेत शेतजमिनींची नव्या यंत्रांनी फेरमोजणी झाली तेव्हा अनेक जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या हरकतींचे ढीग लागले. कोणाचे क्षेत्र कमी दाखवले गेले, कोणाचा गट नकाशावर भलतीकडे सरकला. त्या प्रकरणाची कारणे अनेक असतील, आणि दुरून कोणा एकाला दोषी ठरवणे मला योग्य वाटत नाही. पण यंत्र अचूक असले तरी शेतकऱ्याला आणि शेजाऱ्यांना बांधावर बोलावून, जुना नकाशा समोर धरून, हद्दीचा दगड कोठे होता हे विचारणारा माणूस तेथे असावा लागतो, एवढे माझ्या अनुभवावरून खात्रीने सांगतो. म्हणूनच या व्यवसायात मुलाने जावे की नाही हे ठरवताना मी गुणपत्रिकेपेक्षा इतर गोष्टी आधी पाहतो. मूल त्रिकोणमितीला घाबरत नाही ना, एकच मोजमाप न कंटाळता दुसऱ्यांदा घेते का, न जुळलेला आकडा जुळल्यासारखा दाखवण्याचा मोह त्याला होतो का, आणि अनोळखी गावात ओट्यावर बसून लोकांशी आदराने बोलू शकते का. आपल्या मुलांना घरी मराठी, बाहेर गुजराती आणि शाळेत हिंदी-इंग्रजी येते, हे या शेवटच्या बाबतीत फार मोठे भांडवल आहे. गावाचे, ओढ्याचे, टेकडीचे नाव नकाशावर बरोबर यावे यासाठी ते तेथील लोकांच्या तोंडून ऐकून लिहावे लागते.

शिक्षणाच्या वाटा वेगवेगळ्या उंचीवरून सुरू होतात. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये ‘सर्व्हेअर’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तसाच ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ हाही आहे. यातून कंत्राटदार, सल्लागार कंपन्या आणि जमीन दफ्तर खात्यासारखी सरकारी कार्यालये येथे प्रवेश मिळू शकतो. मला स्वतःला सर्व्हेअरचा ट्रेड अतिशय मोलाचा वाटतो आणि मराठी मध्यमवर्गीय घरांत आय.टी.आय.चे नाव काढताच जे तोंड वाकडे केले जाते, त्याचे मला मनापासून दुःख होते. सिव्हिल डिप्लोमा किंवा पदवी केलेल्यांना भूमापन हा विषय अभ्यासक्रमातच असतो, मात्र तो गांभीर्याने शिकावा लागतो. विज्ञान शाखेकडे ओढा असलेल्यांसाठी आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात भूगोल आणि भूगर्भशास्त्र हे विभाग आहेत. पुढे अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, पुण्याची सिम्बायोसिसची जिओइन्फर्मेटिक्स संस्था, देहरादूनची आय.आय.आर.एस., मुंबई, रुरकी आणि कानपूरची आय.आय.टी. येथे उच्च शिक्षण घेता येते, आणि अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत 2022 पासून जिओमॅटिक्स, म्हणजे भूमापन आणि नकाशाशास्त्र, या अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची प्रशिक्षण संस्था हैदराबादला आहे. समुद्राचे नकाशे करण्याची आवड असेल तर नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग आहे, ज्याकडे आपल्याकडची मुले जवळजवळ वळतच नाहीत. आणि बडोद्याच्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की उपग्रहचित्रे आणि नकाशांवर काम करणारी गांधीनगरची भास्कराचार्य संस्था, म्हणजे बायसॅग, आणि इस्रोचे अहमदाबादचे अंतराळ उपयोग केंद्र या देशातल्या मोठ्या संस्था आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहेत.

अडचणीही लपवणार नाही. सुरुवातीचे वेतन बेताचे असते, बरेचसे काम आता कंत्राटी पद्धतीने दिले जाते, आणि पहिली काही वर्षे घरापासून लांब, प्रकल्पाच्या जागी, तंबूत किंवा भाड्याच्या खोलीत काढावी लागतात. मुलींच्या पालकांची काळजी मला समजते. पण ती काळजी मुलीला घरी बसवून किंवा केवळ पडद्यासमोर बसवून मिटवू नये. क्षेत्रकामासाठी स्त्रियांना निवासाची, स्वच्छतागृहाची आणि वाहनाची सोय देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि नोकरी स्वीकारतानाच ते लेखी मागून घ्यावे. टोटल स्टेशन किंवा जी.एन.एस.एस. रोव्हर (उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणारे फिरते यंत्र) चालवायला अंगात बळ लागत नाही. काळजीपूर्वक नजर आणि नीट लिहिलेले फील्ड बुक लागते, आणि यांत मी मुलींना कोठे कमी पडताना पाहिलेले नाही. पाच-सात वर्षे असे काम केलेल्या माणसाला पुढे स्वतःचा व्यवसायही थाटता येतो, कारण यंत्रे भाड्याने मिळतात आणि विश्वासाने मोजणी करून देणाऱ्याकडे लोक शोधत येतात.

बडोदे शहराला तर हे काम नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले. हाताने काम करणाऱ्या तरुणांना तांत्रिक शिक्षण त्यांच्या भाषेत मिळावे हा त्यामागचा विचार होता. आज विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा त्याच वास्तूत आहे. 1916 मध्ये पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने बडोद्याच्या वाढीबद्दल अहवाल दिला. गेडिस यांची पद्धत अशी होती की योजना आखण्यापूर्वी शहर पायी फिरून पाहायचे, गल्ल्या, तळी, विहिरी, झाडे नोंदवायची, आणि शक्य तेवढे जुने राखून जरूर तेवढेच पाडायचे. शंभर वर्षांनंतरही सर्वेक्षण आधी आणि योजना नंतर हा क्रम आपण नीट पाळत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी येथे एक नोंद करावीशी वाटते: 1802 मध्ये मद्रासपाशी आधाररेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ करणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये काम करता करताच वारले, आणि त्यांची कबर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे आहे. त्याच सर्वेक्षणात पुढे राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने केलेल्या आकडेमोडीतून जगातील सर्वोच्च शिखराची, एव्हरेस्टची, उंची 29,002 फूट निघाली; आजच्या साधनांनी मोजलेली उंची तिच्याहून केवळ तीसेक फुटांनी जास्त आहे. विदर्भातल्या किती शाळा आपल्या विद्यार्थ्यांना हिंगणघाटला नेऊन हे सांगतात, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली महापालिकेला. शहरातील सर्व बेंचमार्कांची ठिकाणे आणि उंची, तसेच 2019 व 2024 च्या पुराच्या पाण्याच्या खुणा समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजून, नागरिकांना पाहता येतील अशा नकाशावर प्रसिद्ध कराव्यात. भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा रंगकामाखाली गेल्या आहेत, पण ज्या घरांत पाणी शिरले त्यांना ते कोठवर आले होते हे अजून आठवते. आणखी काही वर्षांनी ही साक्षही उरणार नाही. दुसरी विनंती शाळांना, विशेषतः आमच्या मराठी मंडळांशी संबंधित असलेल्या शाळा आणि ग्रंथालयांना. आठवी-नववीच्या मुलांकडून आपल्या गल्लीच्या जोत्यांच्या उंचीचा नकाशा करून घ्यावा. ऑटो लेव्हल हे यंत्र महाग नाही, अभियांत्रिकी महाविद्यालयांतून उसनेही मिळू शकते, आणि ते कसे लावायचे हे शिकवण्यासाठी माझ्यासारखी निवृत्त माणसे या शहरात पुष्कळ आहेत. मी स्वतः या कामासाठी कोणतेही मानधन न घेता यायला तयार आहे, आणि एखाद्या शाळेने आपल्या कार्यालयामार्फत निरोप पाठवला तर मला आनंद होईल.

तिसरी विनंती आपल्याला. आपल्या करिअर पुरवणीत सर्वेक्षक आणि नकाशाकार यांच्यासाठी एक पूर्ण पान द्यावे. त्यात एखाद्या कार्यरत सर्वेक्षकाचा दिवस, शक्यतो एखाद्या स्त्री सर्वेक्षकाचा, आय.टी.आय.पासून एम.टेक.पर्यंतचे अभ्यासक्रम आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षा यांची नीट माहिती असावी. आय.टी.आय.चे प्रवेशअर्ज दहावीच्या निकालापाठोपाठ सुरू होतात आणि त्यांची मुदत थोडी असते, म्हणून ही माहिती निकालाच्या आधी छापली जावी.

आपला,
एक निवृत्त सर्वेक्षक,
दांडिया बाजार, वडोदरा